शेजाऱ्यांना कळवले का?

ओव्हाळ काका बेल दोनदा वाजवत. एकदा लांब, एकदा आखूड. दार उघडलं तरी आत यायचे नाहीत, चहाला नाही म्हणायचे आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून एका दमात सांगायचे, "धरणातून पाणी सोडणार आहेत. गाड्या मोठ्या रस्त्यावर लावा. औषधं, कागद आणि म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर." मग पुढचं दार. आमच्या सोसायटीत दोन इमारती, मिळून चोवीस घरं; पहिली बेल ते स्वतःच्या घराची वाजवत. चोवीस बेल वाजवून झाल्या की ते तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी जात आणि डायरीत वेळ लिहून ठेवत. पाणी बहुतेक वेळा यायचंच नाही. मागच्या गल्लीत घोटाभर साचायचं आणि ओसरायचं. मग जिन्यात कुणीतरी विचारायचं, "काय काका, आला का तुमचा प्रलय?" काका म्हणायचे, "नाही आला. बरं झालं ना?" आणि पुढे जायचे.

आमची सोसायटी धायरीकडे जाताना नदीच्या अंगाला आहे. बिल्डरच्या जाहिरातीत 'घरबसल्या नदीदर्शन' असं छापलं होतं, आणि त्याने शब्द पाळला असंच म्हणावं लागेल. पेठेतली भाड्याची जागा सोडून मी आणि माझे वडील तळमजल्यावर राहायला आलो, कारण नानांना जिने झेपत नव्हते. नाना शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. मी मुद्रितशोधक. लोकांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे पुढच्या दृष्टीने लक्षात ठेवायला हरकत नाही.

राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी बेल वाजली. एक सडपातळ, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ दारात. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. त्यांनी निरोप सांगितला. मी म्हटलं, "अहो, पण पाऊस तर थांबलाय."

"पाऊस इथे थांबलाय, मॅडम. धरणावर नाही. आपल्याला बुडवणारा पाऊस आपल्याला दिसत नसतो."

चौतीस वर्षं ते शहराच्या वरच्या अंगाच्या एका धरणावर नोकरीला होते. दरवाजे उचलण्याआधी भोंगा वाजवायचा, खालच्या गावांना फोन करायचे आणि वेळ नोंदवायची, हे त्यांचं काम. एकदा एका गावाचा फोन लागला नाही. त्यांनी नियमाप्रमाणे 'फोन लागत नाही' अशी नोंद केली. नदीच्या पात्रात एका धनगराचा कळप बसला होता. ही हकीकत ते कुणी विचारली तरच सांगत, आणि नेहमी एकाच वाक्यावर संपवत. "नोंद बरोबर होती. मेंढ्या गेल्या."

निवृत्तीनंतर त्यांनी जो उद्योग काढला तसा पुण्यात दुसऱ्या कुणी काढला असेल असं वाटत नाही, आणि पुण्यात निवृत्त माणसं काय काय काढतात हे मला ठाऊक आहे. जगातल्या जुन्या धर्मांमध्ये जिथे जिथे महापुराची गोष्ट आहे, ती मिळवायची आणि तिची खात्यामार्फत व्हावी तशी चौकशी करायची. एक जाडजूड फाइल. प्रत्येक गोष्टीला एक पान, पानावर आखलेले रकाने. सूचना कोणी दिली. कोणाला दिली. किती दिवस आधी. बचावले किती. कारणे व शेरा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, लाल शाईने आखलेला एक मोठा रकाना: शेजाऱ्यांना कळवले का?

गोष्टींमधली नावं ते लिहीत नसत. "नाव सांगितलं की लोक लगेच आपापल्या धर्माच्या बाजूला जाऊन बसतात," ते म्हणायचे. "मला देव नकोत. मला फक्त वेळेचा हिशोब पाहिजे." त्यांची मुलगी संघमित्रा बँकेत होती, वडिलांवर तिचं बारीक लक्ष असे. "बाबा, आपल्या बौद्ध घरात ही पुराणं कशाला?" ती विचारायची. काका शांतपणे चष्मा पुसायचे. "पूजा नाही करत गं. चौकशी करतोय."

नानांची आणि त्यांची गट्टी जमली ती या फाइलमुळे. नाना तसे माणूसघाणे. पण एका संध्याकाळी काका खाली आले आणि सरळ म्हणाले, "सर, माशाची गोष्ट तुमच्याकडून मूळ शब्दांत समजून घ्यायची आहे." नानांना निवृत्तीनंतर असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कानाचं मशीन नीट बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. सकाळी हात धुताना एका पुण्यवान माणसाच्या ओंजळीत इवला मासा आला. मला वाढव, मी तुला वाचवीन, म्हणाला. माणसाने त्याला मडक्यात ठेवलं, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडलं. माशाने सांगितलं की अमुक वर्षी पूर येईल, नाव बांधून ठेव.

"म्हणजे वेळ भरपूर होता," काका लिहिता लिहिता म्हणाले. "शेजाऱ्यांना कळवलं का?"

"अहो ओव्हाळ, तिथे शेजारी होते असा उल्लेखच नाही."

"बाकी सगळी प्रजा वाहून गेली म्हणालात ना, सर? मग ती कुठे राहत होती?"

पुढचे दोन दिवस नानांनी पुस्तकं उपसली, टीका वाचल्या, जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला काकांना बोलवायला वर पाठवलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "नाही हो. कळवल्याचं कुठेही दिसत नाही." काकांनी रकान्यात लिहिलं, 'नोंद नाही.' तेव्हापासून दर संध्याकाळी पाच ते सात आमच्या बाहेरच्या खोलीत चौकशी समिती बसू लागली. मी आतल्या टेबलावर प्रुफं तपासत ऐकत असायची.

दोन नद्यांमधल्या एका प्राचीन शहराच्या गोष्टीत तर देवानेच नाव बांधणाऱ्याला बजावलं होतं की शेजाऱ्यांना खोटं सांग, आकाशातून समृद्धीचा वर्षाव होणार आहे म्हण. काकांनी ते पान बराच वेळ हातात धरलं. "माहिती दडपली," असा शेरा मारला आणि खाली दोन रेघा ओढल्या. भिल्लांच्या गोष्टीतल्या धोब्याने बहिणीला आणि कोंबड्याला पेटीत घेतलं, शेजारी 'नोंद नाही'. धरणावरचे त्यांचे जुने सोबती शेख यांनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. त्यातला माणूस साडेनऊशे वर्षं लोकांना सांगत फिरला आणि कुणी त्याचं ऐकलं नाही. काका इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "हा आमच्या खात्यातला माणूस, सर," ते नानांना म्हणाले.

विश्वाच्या आरंभाच्या गोष्टीही ते जमवत, पण त्यांना वेगळी फाइल नव्हती. नाना सांगत की आधी अंधार होता आणि सगळीकडे पाणीच पाणी होतं, त्या दोन नद्यांमधल्या लोकांकडेही तसंच, कुठे कासवाने चिखल वर आणला, कुठे वराहाने. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हणजे पाणी आधीपासून राहतंय. आपण नंतर आलो, तेही पूररेषेच्या आत. तक्रार करायची कुणाकडे?"

आता पाटीचं सांगायला हवं.

दुपारी एक ते चार नाना झोपत. कानाचं मशीन काढून उशाला ठेवत आणि मग त्यांना दार वाजवलेलं, हाक मारलेली, काही ऐकू येत नसे. म्हणून मी त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्या आवाजाची बेल बसवली होती. ती एवढी कर्कश होती की समोरच्या इमारतीतली माणसं दार उघडायला उठत. नाना झोपेतून खडबडून जागे होत आणि मग त्यांची छाती तासभर धडधडत राही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका आठवड्यात काकांनी चार वेळा बेल वाजवली, चारही वेळा दुपारी. पाणी एकदाही आलं नाही. चौथ्या दिवशी माझी प्रुफं राहिली होती, नानांना चक्कर आली होती, आणि माझं डोकं फिरलं. मी पाटी केली. कंप्यूटरवर छान अक्षरात छापली, झेरॉक्सच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणली आणि बेलच्या वर चिकटवली.

'पूर आल्यास बेल वाजवावी. येणार असल्यास वाजवू नये. दुपारी एक ते चार झोपलेल्या माणसास बुडण्याचीही सवड नसते.'

लोक हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकर काकू खास वाचायला खाली आल्या आणि म्हणाल्या, "मंजिरी, अगदी पेठेतली शोभतेस." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. काकांनी चष्मा लावून पाटी पूर्ण वाचली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नसे. "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाले आणि समितीच्या बैठकीला आत आले.

तीन आठवड्यांनी पाणी आलं. मी नारायण पेठेत छापखान्यात होते, फोन पर्समध्ये, आवाज बंद. दीडच्या सुमारास काकांना धरणावरच्या जुन्या सोबत्यांकडून निरोप मिळाला. त्यांनी तेवीस बेल वाजवल्या. मीटर भिजू नयेत म्हणून पाणी आवारात शिरताच मेन स्विच पाडायला वॉचमनला सांगून ठेवलं. मला तीन फोन केले. मग ते आमच्या दाराशी आले आणि थांबले. हे मला पाटणकर काकूंनी सांगितलं, त्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं. "छत्री घेऊन उभे होते गं तुमच्या पायरीवर. पाण्याकडे बघत. मला वाटलं, तुझी वाट बघतायत."

ते पूर येण्याची वाट बघत होते. चौतीस वर्षं लेखी आदेशावर चाललेला माणूस. आदेश लेखी रद्द होईपर्यंत लागू असतो, असं ते मानत. पूर आल्यास वाजवावी, असं लिहिलं होतं. एरवी पाणी चढायला तास-दीड तास लागायचा, तेवढ्यात नाना सहज वर गेले असते. त्या दिवशी ते फाटकातून शिरलं आणि काही मिनिटांत पायरीला लागलं. तेव्हा त्यांनी बेल दाबली. वॉचमनने स्विच पाडला होता. बेल वाजली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. काकांनी दारावर मुठी मारल्या, मग कमरेएवढ्या पाण्यातून मागे जाऊन स्वयंपाकघराचं दार खांद्याने तोडलं. नाना खाटेवर भिजत बसले होते, छातीशी कानाच्या मशीनची डबी धरून. सत्तरी उलटलेल्या माणसाने ऐंशी उलटलेल्या माणसाला पाठीवर घेऊन तीन जिने चढवले. नानांना न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी ते गेले. मी रडले नाही. लोकांना वाटलं मी खंबीर आहे. तसं काही नव्हतं. घरातला चिखल काढला, ओल्या पुस्तकांची पानं सुटी करून दोऱ्यांवर वाळत घातली आणि हे सगळं करताना आत काहीच होत नव्हतं. आजही मी हे सपाट आवाजात सांगते आहे, ते मला कळतंय.

दिवसकार्य झाल्यावर बंगलोरहून आलेल्या माझ्या दादाने खाली पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "सगळ्यांना सांगितलं, मग आमच्याच दारात का नाही?" काकांना बोलावलं होतं. ते पांढरा सदरा घालून आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"चूक झाली," ते म्हणाले. "वाजवायला हवी होती."

"पण का नाही वाजवलीत?"

"चूक झाली," ते पुन्हा म्हणाले.

तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांनी पाटी वाचली होती. पाटणकर काकू पदराचं टोक बघत राहिल्या. घरातलं माणूस गेलेलं, कोण बोलणार? आणि पाटी जागेवर नव्हती. बेलच्या वर डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. पाण्याने नेली असं मी धरून चालले. एकच वाक्य बोलायचं होतं मला: पाटी मी लावली होती. मी ते बोलले नाही. भीती वाटली असं म्हणावं तर तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले आणि दादा माझ्या देखत काकांना वाटेल ते बोलला.

त्यानंतर सोसायटीने निरोपांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि काकांना नम्रपणे कळवलं की आता आपण त्रास घेऊ नये. आयुष्यभर केलेलं एकच काम त्यांच्याकडून गेलं. ते खाली फारसे येईनासे झाले. जिन्यात दिसले की "पाणी आलं का नळाला?" एवढं विचारायचे. मी "हो" म्हणायची. दोन वर्षं आमच्यात याहून अधिक बोलणं झालं नाही. एकदाच ते कठड्याला धरून थांबले.

"मंजिरीताई, एक गोष्ट सरांना सांगायची राहिली. आत्ता सापडली. एका डोंगराखालच्या गावात पूर यायच्या आधी लांडगे ओरडायला लागले. लोक आवाजाच्या मागे वर चढत गेले आणि वाचले." ते थोडं हसले. "शेजाऱ्यांना कळवले का, होय. लांडग्यांनी."

मी "हं" म्हटलं. कुलूप उघडून आत गेले. नाना असते तर दोन दिवस हाच विषय झाला असता.

या मे महिन्यात ओव्हाळ काका गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. अंत्यविधीच्या वंदनेला मी मागे उभी होते. तेव्हाही डोळे कोरडे. आठवड्याने संघमित्रा खाली आली, हातात ती फाइल. "बाबांनी वर तुमचं नाव लिहून ठेवलंय," ती म्हणाली. फाइलीवर निळ्या शाईत होतं, 'तपासणीसाठी. मंजिरीताई.'

मी ती माझ्या सवयीने तपासली, पहिल्या पानापासून. मासा, नाव, पेटी, कोंबडा, लांडगे. काना-मात्रेची चूक नाही. शेवटचं पान आमच्या सोसायटीचं होतं. सूचना कोणी दिली: धरणावरून निरोप. कोणाला दिली: य. ओव्हाळ. किती दिवस आधी: अर्धा तास. बचावले किती: एक सोडून सर्व. शेजाऱ्यांना कळवले का: तेवीस घरांना होय, एका घराला नाही. आणि शेवटी, कारणे व शेरा: 'ओव्हाळ यांचा हलगर्जीपणा.'

पानाच्या मागे प्लॅस्टिकच्या पाकिटात माझी पाटी होती. कडेला वाळलेला चिखल, अक्षरं स्वच्छ. पाण्याने नेली नव्हती. नानांना वर ठेवून ते पुन्हा खाली उतरले असणार आणि मी घरी पोचायच्या आत त्यांनी ती काढून ठेवली असणार, माझ्या भावाने, पोलिसांनी, कुणी वाचू नये म्हणून. मला त्यांचा राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. मेंढ्यांसाठीसुद्धा ज्यांनी खोटी नोंद केली नाही, त्यांनी माझ्यासाठी केली होती, आणि ती तपासायला माझ्याकडेच पाठवली होती.

मी लाल पेन घेतलं. 'ओव्हाळ यांचा हलगर्जीपणा' या शब्दांवर आडवी रेघ मारली, समासात काढून टाकण्याची खूण केली, आणि लिहिलं: 'दारावर लेखी मनाई होती. मनाई करणारी मी.' खाली पूर्ण नाव आणि सही. त्या पानाची झेरॉक्स काढून पाटीसकट सोसायटीच्या फळ्यावर लावली. एक प्रत दादाला पाठवली. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. फळ्यापाशी दोन दिवस माणसं थांबत होती, वाचत होती. कुणी हसलं नाही.

जुलैत एका दुपारी निरोप आला की धरणातून पाणी सोडणार आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला होता, सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. मी तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. संघमित्राने दार उघडलं आणि वीज गेली तर असू दे म्हणून काकांचा जुना टॉर्च माझ्या हातात दिला. दुसऱ्या मजल्यावर पाटणकर काकू झोपेतून उठून आल्या. "आलं का पाणी?"

"नाही आलेलं, काकू. म्हणून तर सांगायला आले."

आमची बाकीची घरं केली, मग समोरची इमारत. तेवीस झाल्या. चोविसावं दार माझंच. आत कुणीच नव्हतं, किल्ली माझ्या हातात होती. तरी मी पायरीवर उभी राहिले आणि बेल दाबली, एकदा लांब, एकदा आखूड. रिकाम्या घरात ती एवढ्या मोठ्याने वाजली की समोरच्या इमारतीत कुणीतरी दार उघडलं. मी तिथेच पायरीवर बसले.

एवढ्या आवाजाने नाना नक्की उठले असते.